विरळ फुलांची हद्द

बदलापुरात तेव्हा बैठी घरंच जास्त होती. कुळगावातल्या आमच्या नव्या घरापुढे फुलझाडं लावायची, म्हणून मी नर्सरीत गेले होते. तिथे सोनिवलीकडचा एक शेतकरी प्रत्येक झाडामागे उकिडवा बसायचा, पानांतून पलीकडे बघायचा आणि मान हलवून पुढे सरकायचा.

माळी त्याला म्हणाला, “हद्दीवर लावायचंय ना? मेंदी न्या. भिंतीसारखी दाट होते.”

“दाट नको!” तो घाईने म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “ताई, भावानं अंगण वाटून मांगलं. मधी कायतरी लावला पायजे, नायतर तो भिंत बांदल. आय त्याच्याकरं राते. सकाली ओटीवर बसते. ती मना दिसली पायजे.”

मी त्याला कॉसमॉसचं फुललेलं झाड दाखवलं. चांगलं उंच, पण पानं शेपूसारखी विरळ. तो त्याच्यामागे बसला, डुलणाऱ्या फुलांतून माझ्याकडे पाहत राहिला आणि पहिल्यांदाच हसला.

“दिसतंय,” म्हणाला. रोपं त्याने खांद्यावरच्या ओल्या टॉवेलात गुंडाळून नेली.

दिवाळीनंतर सोनिवलीला जाणं झालं, तेव्हा एका अंगणात मधोमध गुलाबी-पांढरी फुलं छातीभर वाढलेली दिसली. तो स्वतः कुठे दिसला नाही. पण पलीकडच्या बाजूला अगदी त्याच्याच चेहऱ्याचा एक माणूस कललेल्या झाडांना काठ्यांचा आधार बांधत होता, आणि ओटीवरची म्हातारी त्याला सांगत होती, “हलू बांद रं, तुज्या भावाची झारं हायेत.”