देओलिंदाची हिरडी

विल्यारिका गावच्या बसस्टँडवर देओलिंदा ओवेलार तिकीट-खिडकीत बसायची. कुठली गाडी कुठून सुटते हे दिवसभर ओरडून सांगणं, हेच तिचं काम. वरच्या पुढच्या दातापाशी हिरडीवर लाल गाठ आली, तेव्हा तिने आधी लक्ष दिलं नाही. वाढत वाढत ती द्राक्षाएवढी झाली. ब्रश लागला की रक्त यायचं.

खिडकीमागच्या खोलीत सगळे एकाच पेल्यातून, एकाच नळीने तेरेरे, म्हणजे पाल्याचा थंडगार चहा प्यायचे. एके दिवशी शेजारच्या खिडकीवरच्या रामोनाने पेला तिला वगळून थेट पलीकडे दिला.

"राग मानू नकोस गं, पण असलं काही पसरतं म्हणतात."

"हिरडी सुजलीय माझी. तुझ्या डोक्यासारखी सडली नाहीये!"

गावातल्या दातांच्या डॉक्टर इन्सफ्रानने गाठ काढून तपासणीला पाठवली. साधीच निघाली, कॅन्सर नव्हता. देओलिंदाने ही बातमी अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी सांगितली आणि पेला स्वतःच ओढून घेतला. पण पहिल्याच घोटाला थेट डोळ्यापर्यंत कळ गेली. जखम भरली होती, पण हिरडी वर सरकून दाताचं पिवळं मूळ उघडं पडलं होतं. त्या दिवसापासून ती तोंडावर हात धरून बोलू लागली आणि प्रवासी "काय? काय म्हणालात?" करत खेकसू लागले.

ती पुन्हा डॉक्टरकडे गेली.

"गाठ गेली ना, सेन्योरा? मग झालं! या वयात तुमच्या हिरड्या कोण बघणार आहे?"

घरी जाताना तिला त्याला सुनवायला एकापेक्षा एक उत्तरं सुचत राहिली.

सुट्टी काढून ती राजधानी असुन्सिओनच्या दंत महाविद्यालयात गेली. तिथल्या डॉक्टर मिर्ताने ओठ वर करून नीट पाहिलं.

"गाठ मुळासकट काढली, ते बरोबरच केलं. नाहीतर परत आली असती. पण मागे राहिलेली जागा झाकता येते. टाळूतला छोटा तुकडा घेऊन इथे शिवायचा. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं नाही?"

"नाही."

"तुम्ही विचारलं होतंत?"

"असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं, बाई! विचारू काय?"

मिर्ताने ऑपरेशनची तारीख दिली.

शिवलेल्या हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखली, कढत सूप सांडल्यासारखी. देओलिंदा गार पेजेसारखं काहीबाही गिळत, न बोलता घरी पडून राहिली. टाके निघाले. शिवलेला तुकडा हिरडीला हळूहळू धरला. रंग जरा फिकट, कडेला मुळाची एक रेघ अजून दिसणारी. पण कळ गेली.

मग ती इन्सफ्रानच्या दवाखान्यात गेली. बाहेर माणसं बसली होती. त्यांच्यासमोरच तिने ओठ वर करून विचारलं, "हे करता येतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

"होतं. पण तुम्हाला त्याची गरज वाटेल असं वाटलं नाही."

"तोंड माझं, दुखणं माझं, आणि गरज तुम्ही ठरवणार?"

त्याने माफी मागितली नाही. पुढच्या पेशंटला हाक मारली. देओलिंदा तशीच धुमसत बाहेर पडली. हिरडी बरी झाली. त्या माणसावरचा राग मात्र तिने कधीच सोडला नाही.