कापसाची वात आणि तांब्याची नळी

अभिमन भदाणे कुठल्याही तापलेल्या वस्तूजवळ हात उलटा नेतो. आधी हाताची मागची बाजू, मग बोटं, मग डोळे. वरणगावच्या आयुध कारखान्यात तेहतीस वर्षं फिटरकी केल्यानं ही सवय लागली असं तो सांगतो. त्याची मोठी बहीण प्रमिलाबाई वेगळंच सांगते. तिच्या म्हणण्याप्रमाणे हा चार वर्षांचा असल्यापासून असाच आहे. चुलीतलं जळतं लाकूड दुसऱ्या टोकाला कधी तापतं ते बघायला तासन्‌तास धरून बसायचा आणि मग रडायचा.

निवृत्त झाल्यावर तो पारोळा-धुळे रस्त्याजवळच्या आपल्या गावी परत आला. बायको लवकर गेलेली, मुलगा पुण्यात. घरात एक खाट, एक लोखंडी टेबल, जुन्या बाजारातून आणलेली छोटी लेथ. गावाला वाटलं, आता हा पारावर बसेल. तो आठ दिवस बसलाही. नवव्या दिवशी त्याला मोबाइलवर एक इंजिन दिसलं. चहाच्या कपावर ठेवलेलं, कपाच्या नुसत्या ऊबेवर फिरणारं. आत पेट्रोल नाही, ठिणगी नाही, स्फोट नाही. ज्या माणसाचं सगळं आयुष्य स्फोटाच्या शेजारी गेलं, त्याला हे मुकं इंजिन पाहून चैन पडेना.

त्याची रचना तशी साधी. आत कोंडलेली हवा. एक बाजू तापवायची, दुसरी थंड ठेवायची. तापलेली हवा फुगते आणि दट्ट्या ढकलते; तीच हवा थंड बाजूला गेली की आखडते आणि दट्ट्या ओढून घेते. विस्तवाला आत प्रवेश नाही. तो दाराबाहेर उभा राहून सगळं काम करून घेतो. अभिमनला हे फार दिवस पुरलं. दोन वर्षांत त्यानं अशी पाच इंजिनं केली, तेलाच्या डब्यांची, काचेच्या सिरिंजची, शेवटचं बिडाच्या नळकांड्याचं. ती फिरायची, आणि त्यांचं पुढे काय करायचं हे त्याला कोणी विचारलं नाही.

विचारलं ते प्रमिलाबाईच्या खोकल्यानं.

प्रमिलाबाई खापरावरचे मांडे करते. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, तिच्यात मातीची उंच चूल, चुलीवर उपडं घातलेलं मातीचं खापर. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत ताणते आणि खापरावर अलगद टाकते. धुळ्याहून लोक गाडी थांबवून नेतात, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला तर माहेरी आलेल्या लेकींच्या ताटात पडायला शेकड्यानं लागतात. चुलीत कपाशीच्या काड्या. त्या भडकन पेटतात, भडकन विझतात आणि मधल्या वेळात धूर देतात. तीस वर्षांचा धूर प्रमिलाबाईच्या छातीत साठला होता. गेल्या आखाजीला मांडा हातावर असताना तिला अशी उबळ आली की तो फाटून राखेत पडला. धुळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, धूर थांबवा नाहीतर चूल थांबवा.

तिची मुलगी हेमांगी जळगावला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ती हिशेबी बोलते. तिनं आईला गॅसची शेगडी आणून दिली. गॅसची आग एका जागी टोचते, त्यामुळे पहिल्याच दिवशी जुनं खापर तडकलं. मग धुराड्यात विजेचा पंखा बसवला. धगीनं त्याची मोटर जळाली. दुसरा बसवला, तोही गेला. तेव्हा तिनं ठरवलं.

"ही आखाजी शेवटची," ती म्हणाली. "गावातल्या धुरपदामावशीशी बोलले आहे मी. आखाजी झाली की खापर, चूल, गिऱ्हाईक, सगळं ती घेईल. तू माझ्याकडे यायचं."

प्रमिलाबाईनं फक्त खापरावर ओलं फडकं फिरवलं, आणि ते चर्रकन वाळलं. अभिमन दारात उभा होता. बहिणीला गप्प बसलेलं त्यानं फारसं पाहिलं नव्हतं.

"अक्का," तो म्हणाला, "धुराड्यातला पंखा तुन्ही चूलच फिरावेल."

"म्हणजे कसं?"

"मोटर नही. वायर नही. पातं धुराड्यामा, इंजिन बाहेर. चुल्हानी धग, चुल्हानाच पंखा."

"मामा," हेमांगी म्हणाली, "तुम्ही दारूगोळ्याच्या कारखान्यातून आलात. माझ्या आईच्या चुलीजवळ काही उडवू नका."

आखाजीला तीन आठवडे होते.

पहिला प्रयत्न सरळ होता आणि म्हणूनच फसला. अभिमननं बिडाचं इंजिन चुलीच्या मागच्या भोकाला लावलं, डोकं आगीत, बाकीचं बाहेर. अकरा मिनिटं पंखा फिरला. काड्यांची ज्वाळा कधी इंजिनाच्या डोक्यावर, कधी शेजारी. एक भाग लाल, दुसऱ्यावर काजळी. वर इंजिन चुलीला इतकं चिकटलेलं, की जी बाजू थंड राहायला हवी तीही तापली. दोन्ही बाजू सारख्याच गरम झाल्यावर आतल्या हवेला कुठे जावंसंच वाटेना. इंजिन थांबलं.

म्हणजे इंजिन चुलीपासून लांब न्यायला हवं होतं आणि धग मात्र त्याच्यापर्यंत पोचायला हवी होती. नुसत्या तांब्याच्या कांबेतून धग वाटेतच विरते. अभिमननं मोबाइलवर शोधलं, वही घेऊन बसला, आणि त्याला ती नळी सापडली. तांब्याची नळी, दोन्ही तोंडं बंद. आत घोटभर पाणी आणि हवा अजिबात नाही. एक टोक आगीत. तिथं पाण्याची वाफ होते, वाफ निमिषात दुसऱ्या टोकाला धावते, तिथं आपली धग सोडून पुन्हा पाणी होते, आणि आतल्या वातीला धरून परत आगीकडे येते. कुठे चाक नाही, झडप नाही, तेल घालायला भोक नाही. पाणी जातं, येतं, जातं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही हललेलं दिसत नाही. अभिमन त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिला. तेहतीस वर्षांत इतकं काम करणारी आणि इतकी स्थिर वस्तू त्याच्या हातात आली नव्हती.

हातभर लांबीची जाड नळी त्यानं धुळ्याहून आणली. वातीसाठी काय वापरायचं याचा त्यानं विचारच केला नाही. वात म्हणजे कापूस. गावात कोणीही वेगळा विचार केला नसता. घरच्या शेतातला लांब धाग्याचा कापूस घेऊन त्यानं तो मांडीवर वळला, नळीत आतून चारी बाजूंनी बसवला. पाणी घातलं, उकळलं, वाफेनं हवा हाकलली आणि वाफ निघत असतानाच तोंड दाबून झाळलं. एका टोकाला कथलाचं छोटं बूच ठेवलं. नळी भलती तापली तर आधी ते वितळावं आणि वाफ भिंतीकडे सुटावी, हे हेमांगीच्या भीतीसाठी.

पंखा फिरला. पहिल्या दिवशी तास, दुसऱ्या दिवशी दोन तास. इंजिन शेडच्या मागे सावलीत, त्याच्या थंड बाजूला ओलं गोणपाट. प्रमिलाबाई मधूनच बाहेर येऊन पाहून जाई.

"हाई आंधळी नळी खास तरी काय रे?"

"तुन्हा चुल्हानी धग."

"मंग मन्हा मांडाले काय राहिनं?"

पाचव्या दिवशी इंजिन मंदावलं. सातव्या दिवशी थांबलं.

अभिमननं ते उघडलं. दट्ट्या काढला, घासला, बसवला. बेअरिंग बदलली. चाकाचा तोल पुन्हा पाहिला. दोन दिवस, तीन दिवस. प्रत्येक भाग ठीक होता आणि सगळे मिळून चालत नव्हते. चूल पेटलेली, धूर पत्र्याखाली साठलेला, आणि पत्र्यापलीकडे प्रमिलाबाई खोकत होती. प्रत्येक उबळीला त्याच्या हातातला पाना क्षणभर थांबे. फिटरचा विश्वास असा असतो, की जे हलतं ते बिघडतं. नळी हलत नव्हती, म्हणून त्यानं नळीकडे पाहिलंच नाही.

आखाजीला सहा दिवस राहिले तेव्हा प्रमिलाबाई खापर पुसायचं ओलं फडकं घेऊन मागे आली. नळीवर काजळी साचली होती, ती तिला बघवेना. खापर पुसते तसं तिनं चुलीच्या टोकापासून फडकं ओढत आणलं. ओलेपणा मागोमाग चर्र करत वाळत गेला. शेवटच्या वितीवर आवाज थांबला. पाणी तसंच चमकत राहिलं.

"अभिमन, देख."

"काय?"

"आठलगून तापस," ती त्या जागेकडे बोट दाखवत म्हणाली. "आठेन पुढे नही. वलं राहिनं."

तो उठला. तिच्या हातातलं फडकं घेऊन त्यानं पुन्हा ओढलं. पुन्हा तिथंच. जणू नळीत कोणी रेघ मारली होती.

"खापरले अशी थंड जागा दिसनी," प्रमिलाबाई म्हणाली, "तर मी समजस, आतून काहीतरी आडं येयेल शे. तू तीन दिन पासून भलतंच खोलस."

"मालेच कसं दिसनं नही?"

"तू इंजिनवर लाड करस. चुल्हावाली बाई धगले इचारस."

नळी निवाल्यावर त्यानं कथलाचं बूच काढलं. फुस्स करून हवा सुटली. आत हवा असायलाच नको होती. मग त्यानं नळी कापली. करपट, गोडसर वास आला. पाणी गुळवणीसारखं तपकिरी झालं होतं आणि कापसाची वात बोट लावताच लगद्यासारखी सुटली.

तो ती कापलेली नळी मांडीवर घेऊन बसला. आता सगळं दिसत होतं. बंद नळीत, दाबाखाली, पाणी नेहमीच्या उकळीपेक्षा कितीतरी जास्त तापत होतं, आणि त्या पाण्यात कापूस हळूहळू शिजत होता. शिजता शिजता वायू सोडत होता. वाफ दुसऱ्या टोकाला जाऊन पाणी होते आणि घरी परतते. हा वायू पाणी होत नाही. वाफेच्या रेट्यानं तो त्या टोकाला जाऊन बसला, आत न येणाऱ्या आणि उंबराही न सोडणाऱ्या पाहुण्यासारखा, आणि मागून येणाऱ्या वाफेला इंजिनापर्यंत पोचू देईना. रोज थोडा, रोज बोटभर. अभिमनला राग यायला हवा होता. पण त्याला आधी नवल वाटलं, की इतक्या अरुंद अंधारात इतकं घडत होतं.

"कपाशीना गाव," तो बहिणीला म्हणाला, "म्हणून कपाशी घाली दिनी."

"मंग आते काय घालशी? मन्हं लुगडं?"

धुळ्याला ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात बॅटरीच्या जोडणीला लागणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी मिळते. ती त्यानं आणली, उकळून तिचं तेल काढलं, नळीला आतून सपाट बसवली. तांब्यात तांबं, शिजायला काही नाही. यावेळी पाणी दुप्पट वेळ उकळलं. आणि इंजिनाची बैठक जमली तेवढी वर उचलली, म्हणजे परतणाऱ्या पाण्याला चढ नको, उतार मिळावा. तीन दिवस त्यानं पंखा जोडलाच नाही; चूल पेटली की नुसतं ओलं फडकं ओढायचा. ते टोकापर्यंत वाळायचं. तरी त्याची खात्री पटत नव्हती. चौथा, पाचवा दिवस त्याला घाबरवत होते.

आखाजीच्या आदल्या सकाळी हेमांगी पहिल्या बसनं आली. पुरण वाटून तयार होतं. ती चुलीपासून तीन हातांवर पोतं टाकून बसली. तिथं मागच्या वर्षी तिचे डोळे चुरचुरले होते.

काड्या पेटल्या. अभिमननं मागे जाऊन थोडा वेळ वाट पाहिली आणि चाकाला बोटानं टिचकी दिली. इंजिन आधी अर्धवट वळलं, परत आलं, मग फिरू लागलं. पत्र्याखाली पसरायला निघालेला धूर जागीच घोटाळला, वाकला आणि धुराड्यात शिरला. शेडमध्ये सकाळचा उजेड स्पष्ट दिसायला लागला.

पहिला मांडा जळला. दुसराही.

पहिल्या नळीवर पंखा जेमतेम फिरायचा; आता तो जोरात ओढत होता, त्यामुळे आग पूर्वीपेक्षा कडक झाली होती. प्रमिलाबाईनं काळा मांडा उचलून भावाच्या दिशेनं भिरकावला आणि तिची गाडी सुटली.

"अरे येडा, तीस वरीसपासून माले मन्ही चूल मालूम शे, आते तू नवी करी ठेवनी! आखाजी उद्या, आन आज माले पहिली पासून शिकनं! काड्या किती घालू ते सांग, सांग ना, इंजिनवाला! चार घालू का पाच? मन्हा सासरानी बी इतला तरास दिन्हा नही, तू भाऊ व्हईसन..."

बोलता बोलता तिनं निम्म्या काड्या ओढून बाजूला काढल्या, फडक्यानं खापर पुसलं, गोळा हातावर घेतला. तो मनगटावरून कोपरापर्यंत पसरला, खापरावर पडला, फुगला, बदामी ठिपके उमटले. ती बोलतच होती. आता सासऱ्यांवरून दिवंगत नवऱ्यावर आणि तिथून गॅसच्या शेगडीवर आली होती. चौथा मांडा झाला, सहावा झाला.

हेमांगीनं आधी ते शब्द ऐकले. मग ती फक्त बोलणं ऐकू लागली. वर्षभर फोनवर आईचं प्रत्येक वाक्य मध्ये कुठेतरी तुटायचं आणि ती पलीकडे थांबून राहायची. आत्ता आई एका दमात तीन पिढ्यांचा उद्धार करत होती. हेमांगी मामाकडे पाहायला वळली, पण तो मागे ओलं फडकं घेऊन नळीपाशी वाकला होता.

तेवढ्यात धुरपदाबाई आली. आखाजीनंतर आपलं होणार म्हणून ती आजच खापर नीट बघून घ्यायला आली होती. चपला दाराशी काढून ती आत डोकावली.

"प्रमिला, दखाड बरं तुन्हं खापर. तडा-बिडा नही ना?"

प्रमिलाबाईनं मांडा उलटला. तिनं हेमांगीकडे पाहिलं. हेमांगीनं मान खाली घातली आणि पुरणाचं पातेलं आईच्या हाताशी सरकवलं.

"खापर तापेल शे, धुरपदा," प्रमिलाबाई म्हणाली. "त्याले हात लावू नको. ऊनी शे तर हात धू आन कणीक तिंब. संध्याकाळलगून दीडशे देना शेतस."

धुरपदाबाईनं दोघींकडे पाहिलं. मग तिनं पदर खोचला आणि परातीसमोर बसली.