आत्या बसने आली

बाबांची डिझेलची गाडी जुनी होती, पण तिचं काम ठरलेलं होतं. दर रविवारी सकाळी ते ती स्वतः पुसायचे आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, खजरान्याला आत्याकडे जायचे. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती मुलगा, सून आणि नातवंडांसोबत राहते. आमच्या घरी आई गेल्यापासून बाबा आणि मी असे दोघंच. मी कॉलेजात शिकवते. सुट्टी असली की मीही त्यांच्याबरोबर जायचे. तिथे सगळे बैठकीत जमायचे, टीव्ही चालू असायचा, चहा यायचा, आणि कप खाली ठेवता ठेवताच बाबा उठायचे. "चला, गाडी रस्त्यातच उभी आहे." जवळच्या मंदिराच्या गर्दीमुळे तिथे गाडी लावायला नीट जागा कधीच मिळायची नाही. आत्या दारापर्यंत यायची आणि म्हणायची, "आलास काय, निघालास काय."

धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांवर बंदी आली ती आधी राजवाड्याभोवतीच्या बाजारापुरती. पेपर वाचून बाबा म्हणाले, "अच्छा केलं. तिथे गाडी नेतंच कोण?" मलाही बरं वाटलं होतं. माझी स्कूटर विजेवरची, पण चौकाचौकांत थांबत घरी यायचं म्हणजे तोंडाला बांधलेला दुपट्टा रोज काळा व्हायचा. पुढे बंदीची हद्द वाढली आणि आमची कॉलनी आत आली. आत्याचं घर बाहेरच राहिलं, पण गाडी फाटकातूनच काढता येत नसेल तर त्याचा काय उपयोग?

हद्द वाढेल तशा बसही वाढतील, असं सांगितलं होतं. त्या वाढल्या, पण फार मागाहून. सुरुवातीला आमच्या कोपऱ्यावर तीच पूर्वीची बस यायची, तशीच भरलेली. पहिल्याच रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर स्टॉपवर आले. बराच वेळ ऊन खात उभे राहिलो. बस आली. तिची पायरी उंच होती. बाबांनी दांडा धरला, एक पाय उचलला आणि तो अर्ध्यातच थांबला. मागून कोणी तरी म्हणालं, "अंकलजी, चढ़ना है या नहीं?" बाबांनी दांडा सोडला आणि बाजूला झाले. बस निघून गेली. ते घराकडे वळले.

मी म्हटलं, रिक्षाने जाऊ. रिक्षाच्या दणक्यांनी पाठ धरते, म्हणाले. टॅक्सी बोलावू म्हटलं, तर, "राहू दे गं. पुढच्या रविवारी बघू." पुढच्या रविवारीही तेच. मग आम्ही बोलायचंच सोडून दिलं. बहीणभाऊ फोनवर बोलायचे, पण दोघांनाही ऐकायला कमी येतं. दोघंही एकाच वेळी मोठमोठ्याने बोलायचे आणि फोन ठेवल्यावर बाबा मला विचारायचे, "काय म्हणत होती ती?" शेजाऱ्यांची जुनी गाडीही अशीच अडकली होती. त्यांनी नवी घेतली आणि विषय संपवला. बाबांना या वयात नवी गाडी नको होती आणि मला चालवता येत नव्हती. कॉलेजात सहकारी हवा किती सुधारली ते सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. पण मला घरी खिडकीत बसलेले बाबा दिसायचे. कोणाशी वाद घालायचा तेच कळत नव्हतं.

परीक्षा संपून मी घरी पेपर तपासत होते, त्या दिवसांतली गोष्ट. दुपारच्या आधी बेल वाजली. दार उघडलं तर आत्या. हातात कापडी पिशवी, पदर खोचलेला, आणि एकटी. बाबा खुर्चीतून धडपडत उठले.

"काय झालं? कोणाचं काय झालं का?"

"कोणाचं काही झालं नाही. मीच आले."

"कशी आलीस?"

"बसने. ती नवी, परवाच सुरू झालेली, बिनआवाजाची. फुटपाथवरून सरळ आत पाय. कंडक्टर पोरगी म्हणाली, अम्माजी, आराम से. आमच्या कोपऱ्यावर बसले ती तुमच्या कोपऱ्यावर उतरले."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "आणि घरी सांगितलंस?"

"सुनेला सांगितलं, भावाकडे जाते. माझा भाऊ आहे, त्यात विचारायचं काय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत आत्या अशी आमच्या घरी कधी आलीच नव्हती. लग्नामुंजीला कोणी तरी आणायचं, कोणी तरी सोडायचं. भेट व्हायची ती बाबांना सवड असेल तेव्हा, आणि गाडी उभी राहील तेवढा वेळ.

त्या दिवशी ती जेवली, माझ्या वरणाला नावं ठेवली, जराशी आडवीही झाली. चहा टाकायला मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा दोघंच बैठकीत होती. टीव्ही बंद होता. आत्या सांगत होती, डाव्या डोळ्याने आता धूसर दिसतं, ऑपरेशन सांगितलंय, आणि तिला भीती वाटते.

"मला का नाही सांगितलंस?" बाबा म्हणाले.

"कधी सांगणार होते? सगळ्यांच्या देखत? आणि तू तर चहा संपायच्या आत उठायचास."

चहा उकळून वर आला तरी मी गॅस बंद करायचं विसरले. जरा वेळाने बाबांचा आवाज आला, "मी येईन तुझ्याबरोबर दवाखान्यात."

संध्याकाळी तिला बसमध्ये बसवायला आम्ही दोघं गेलो. बस आली, आत्या चढली, आणि माझ्याकडे न बघताच बाबाही तिच्यामागून चढले. मी खालून हाक मारली, "बाबा, तुम्ही कुठे?"

"तिला घरापर्यंत सोडून येतो," ते म्हणाले आणि दार मिटलं.

फोन ते घरीच विसरले होते. मी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. दिवे लागल्यावर ते त्याच बसने परत आले, अगदी सावकाश उतरले आणि म्हणाले, "घाबरलीस की काय? आत्याकडे जेवूनच आलो. भूक नाहीये."

नंतर त्यांनी गाडी विकायला काढली. गाडी गेली तेव्हा ते फाटकात उभे होते आणि त्यांना वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं. बस कधी चुकते, कधी उशिरा येते; मग घरी येऊन ते तिच्या नावाने खडे फोडतात. त्या मधल्या महिन्यांचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. गाडी बंद झाल्या दिवशीच ही बस कोपऱ्यावर उभी असती, तर बाबांना त्या पायरीवरून मागे फिरावं लागलं नसतं.

आत्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. तपासणीला मी दोघांना घेऊन गेले तीही बसनेच. ती दोघं पुढच्या सीटवर, मी मागे. आत्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. तिला वाचता येत नव्हतं म्हणून बाबा खिडकीतून दिसणाऱ्या दुकानांच्या पाट्या तिला एकेक करून मोठ्याने वाचून दाखवत होते. आजूबाजूची माणसं हसत होती. आत्या म्हणाली, "अरे, हळू. बहिरा तू आहेस का मी?" बाबांना ते ऐकू आलं नाही. ते पुढची पाटी वाचत होते.