खलाशाच्या नातवाचं वल्हं

कोकणी माणसाला पाण्याबद्दल खोटं बोलायला कारण लागत नाही. समोर बिगरकोकणी माणूस असला की पुरतो. मला तर थेट कॅनडाचा मिळाला.

शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये फायबरग्लासच्या पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीत मी परचेस बघतो. चार वर्षांपूर्वी आमचा जुना जनरल मॅनेजर गेला आणि त्याच्या जागी हा आला. पंचावन्नचा, ताडमाड उंच, उन्हाने उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचा. आधीच्या साहेबाने केबिनमध्ये बहिरी ससाण्याचं चित्र लावलं होतं. याने ते उतरवून तिथे एक लाकडी वल्हं टांगलं. पहिल्याच भेटीत मला विचारलं, "इंडियात कुठला तू?"

"रत्नागिरी, सर. कोस्ट. आमचं घराणंच दर्यावर्दी. ग्रँडफादर बोटमन होते."

हे अगदीच खोटं नव्हतं. आमच्या खाडीवर आजोबांची 'तर' होती, म्हणजे अलीकडच्या गावची माणसं पलीकडे नेणारी मोठी होडी. मी फक्त एवढंच सांगितलं नाही की तिच्यात मी लहानपणी चारदा बसलो आणि दोनदा ओकलो. समुद्रात ओकणारे पुष्कळ असतात. खाडीत ओकणारा माझ्या माहितीत मी एकटाच.

साहेबाचे डोळे चमकले. "म्हणजे हे तुझ्या रक्तातच आहे!"

माझ्या रक्तात त्या दिवसांत साखर होती. पण साहेबाला दुरुस्त करणारा माणूस फ्री झोनमध्ये टिकत नाही. मी मान डोलावली.

साहेबाला एकच वेड होतं, कनू. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, लांबट होडी, आणि ती एकट्याने, एकाच वल्ह्याने चालवायची. त्याच्या मुलखातल्या नद्या आणि तळी सहा महिने गोठलेली असतात म्हणे. तेवढे सहा महिने तरी तिथल्या लोकांना त्याच्यापासून सुटका मिळत असावी. इथे काहीच गोठत नाही, त्यामुळे आम्हाला बाराही महिने ऐकावं लागायचं. टाक्यांच्या रेझिनचा भाव सांगायला आत जावं, तर हा हवेत वल्हं धरून मनगट कसं वळवायचं ते दाखवत बसायचा.

एका गुरुवारी तो म्हणाला, "शनिवारी सकाळी उम्म अल क्वैनला, खारफुटीत. माझ्याकडे दोन कनू आहेत. एक तुझी."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं.

"कनू?" ती म्हणाली. "कुणा किराणावाल्याचं नाव वाटतंय."

"होडी असते. साहेबाने खास मलाच बोलावलंय. आपलं बॅकग्राउंड आहे ना."

"तुमचं बॅकग्राउंड मी बघितलंय. मुरूड-जंजिऱ्याला होडीत माझा हात एवढा घट्ट धरलात की बांगडी फुटली."

तेरा वर्षांची आमची लेक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "डॅड, प्लीज डोन्ट पोस्ट एनीथिंग."

शुक्रवारी मी खरेदीला गेलो. खरेदी हा माझा धंदाच, त्यामुळे हात आखडता घेतला नाही. चिखलात चालायचे बूट, मानेवर पडदा असलेली टोपी, हातमोजे, पाण्यात न भिजणारी पिशवी, गॉगल बुडू नये म्हणून त्याला बांधायची तरंगती दोरी. लाइफ जॅकेटच दोनशे ऐंशी दिरहमचं. "साडेसहा हजार रुपये!" बायको ओरडली. "एवढ्यात पोहायला शिकला असतात." मी हे सगळं अंगावर चढवून आरशात पाहिलं. समोर जो उभा होता त्याने निदान दोन महासागर तरी पार केलेले होते.

शनिवारी काठावर पोचल्या पोचल्या मी आधी फोटो काढून घेतला. लाल कनूशेजारी, वल्हं हातात, नजर क्षितिजावर. तो आखातातल्या आमच्या गाववाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली एकच शब्द लिहिला, "वारसा". मग फोन पिशवीत ठेवला आणि होडीत बसलो. मागच्या बैठकीवर, कारण होडी चालवणारा मागे बसतो हे मला ठाऊक होतं.

साहेब काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. पण दर्यावर्दीला काय सांगायचं, असं वाटून बहुधा गप्प बसला.

एकट्या माणसाने कनूत मागे बसलं की काय होतं ते आता मी कुणालाही सांगू शकतो. मागचं टोक बसतं, पुढचं टोक हवेत जातं. माझं नाक आणि होडीचं नाक एकाच उंचीवर होतं म्हणा ना. उजवीकडे वल्हं मारलं की होडी डावीकडे वळायची. म्हणून मी डावीकडे मारलं, तर ती उजवीकडे वळली. तीन-चारदा बाजू बदलल्यावर मांडीवर वल्ह्याचं इतकं पाणी निथळलं की कनू आतूनच भरते की काय असं वाटलं. तेवढ्यात वारा सुटला. हवेतलं ते पुढचं टोक त्याने अलगद पकडलं आणि मला गोल फिरवलं.

लांबून साहेब ओरडत होता, "जे! जे!"

वाऱ्यात मला ऐकू आलं, "जा! जा!" परदेशी माणसाने आपली भाषा शिकावी याचं मला कौतुक वाटलं आणि मी गेलो. थेट खारफुटीत. तिथे ओहोटी लागलेली होती. दहा मिनिटांत माझ्याखालचं पाणी निघून गेलं आणि मी चिखलावर, लाल होडीत, नारिंगी जॅकेट घालून, एखाद्या दुकानाच्या पाटीसारखा बसून राहिलो. दोन बगळे जवळ येऊन बघून गेले.

शेवटी माझा जनरल मॅनेजर गुडघाभर चिखलातून आला, त्याने होडीच्या टोकाला बांधलेली दोरी खांद्यावर घेतली आणि मला ओढत बाहेर काढलं. त्याला उतरून मदत करावी हे माझ्या मनात आलं होतं. बूटही नेमके त्यासाठीच घेतले होते. पण नवे होते.

काठावर तो धापा टाकत म्हणाला, "तुमच्याकडची बोट वेगळी असेल. पाणीही वेगळं."

एवढ्या दयेने तो बोलला की खरं सांगून टाकायची तीच वेळ होती. मी म्हणालो, "येस सर. आमची स्टाइल जरा डिफरंट आहे."

घरी येऊन फोन उघडला तर ग्रुपवर माशाल्लांचा पाऊस. "रग रग में दर्या", "खलाशाचा नातू शोभतोस". आणि त्यांत आमच्या इथल्या कोकणी मंडळाच्या अध्यक्षांचा व्हॉइस मेसेज. हे अध्यक्ष मूळचे आमच्याच तालुक्यातले. शारजाच्या रोल्लात त्यांची सुटकेस आणि परफ्यूमची दोन दुकानं आहेत आणि मंडळात भाषण देण्याचा हक्क त्यांनी दुसऱ्या कुणाला ठेवलेला नाही. "पुढच्या महिन्यात मंडळाची पिकनिक उम्म अल क्वैनच्या खाडीवर. आपल्या दर्यावर्दी परंपरेचं प्रात्यक्षिक तुम्ही करायचं. बॅनर छापायला टाकलाय. खलास, ठरलं!"

बॅनर छापायला गेला म्हणजे आमच्याकडे निकाह लागल्यासारखंच. मागे फिरता येत नाही.

मी गावी अब्बांना फोन लावला. अब्बा ऐंशीच्या पुढचे, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

"अब्बा, आजोबा वल्हं कसं मारायचे? एका बाजूनं की दोन्ही?"

"कोण? बाबा?" पलीकडून हसू ऐकू आलं. "त्यांनी जन्मात वल्ह्याला हात लावला नाही. दोन माणसं ठेवली होती वल्हवायला. बाबा मधल्या फळीवर छत्री उघडून बसायचे, उतारूंना शिव्या द्यायचे आणि आणे घ्यायचे."

"पण खाडीत होडी उलटली असती तर?"

"तर पहिले बाबा बुडाले असते. पोहता कुठे येत होतं त्यांना!"

मी विचारलं, "ती दोन माणसं कोण?"

"भाऊ भाऊ होते. धाकटा बहिरा होता. पलीकडच्या वाडीतले." अब्बा आठवत राहिले. "नावं काय बरं... आम्ही त्यांना 'ए तरवाल्या' म्हणायचो. दोघांनाही."

तीसेक वर्षं त्या दोघांनी आमच्या घराण्याचा दर्या वल्हवला आणि आमच्या घरात त्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती. मी मात्र त्यांच्या दंडांच्या जोरावर हमरियात भाव खात होतो. फोन ठेवल्यावर मला लाज वाटली. अशा लाजेची मला सवय नाही, म्हणून ऑफिस उघडल्या उघडल्या केबिनमध्ये जाऊन साहेबाला सगळं सांगून टाकलं. ओकण्यासकट.

मला वाटलं हसेल, नाहीतर चिडेल. तो शांतपणे म्हणाला, "उत्तम. म्हणजे आधीचं काही तुला विसरायला लावायला नको."

पुढचे पाच शनिवार त्याने मला शिकवलं. एकट्याने बसायचं तर पुढच्या बैठकीकडे जायचं आणि उलटं तोंड करायचं. मग वजन मधोमध येतं आणि ज्याला आपण मागचं टोक समजत होतो ते पुढचं होतं. बसायचंही नाही, बैठकीला नुसतं टेकून गुडघ्यांवर राहायचं, खाली फोमची चटई. गुडघ्यांवर बसायची सवय मला नमाजामुळे पाच वेळची आहे, असं मी त्याला सांगितलं. खरं बोलायचं ठरलंच आहे तर दोन वेळची. वल्हं आपल्या हनुवटीपर्यंत येईल एवढंच उंच हवं. लाकडी असेल तर त्याला जवसाचं तेल चोळायचं. मला जवसाचं मिळालं नाही म्हणून मी खोबरेल चोळलं, तर साहेबाने वल्हं हुंगून विचारलं, "केसांनाही हेच लावतोस?"

आणि ते "जे". वल्हं मागे ओढून झालं की अंगठा खाली वळवायचा आणि पातं होडीपासून किंचित बाहेर ढकलायचं. पाण्यात इंग्रजी जे अक्षर उमटतं. तेवढ्याने होडी वळता वळता सरळ होते आणि बाजू बदलावी लागत नाही. ऐकायला एका वाक्याचं काम. माझ्या अंगठ्याला ते चौथ्या शनिवारी कळलं. वारा समोरून असला तर पुढच्या टोकात पाण्याचा भरलेला कॅन ठेवायचा, म्हणजे ते हवेत उठत नाही. दुधाचा रिकामा कॅन तिरका कापून आतलं पाणी उपसायला ठेवायचा. माझ्या सगळ्या खरेदीपेक्षा तो कॅन जास्त उपयोगी पडला, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

पिकनिकच्या दिवशी दोनेकशे माणसं, बिर्याणीची पातेली आणि तो बॅनर. त्यावर माझा फोटो, मागे जोडलेलं शिडाचं जहाज. अध्यक्षांनी अर्धा तास परंपरेवर भाषण केलं. त्यात सिंदबादपासून माझ्या आजोबांपर्यंत सगळे एकाच वंशावळीत बसवले. मग मी होडीत गुडघे टेकले आणि निघालो. वारा होता, पण होडी सरळ गेली. समोरच्या वाळूच्या बेटाला वळसा घालून सरळ परत आली. एकदाही बाजू बदलली नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला खरोखर आनंद झाला होता. पहिल्यांदाच, न चोरलेल्या गोष्टीचा.

म्हणून माइक हातात आल्यावर मी बोललो. "हे माझ्या रक्तात नाही. पाच शनिवारांत कॅनडाच्या साहेबाने शिकवलं. माझे आजोबा वल्हवत नव्हते, छत्री घेऊन बसत होते. वल्हवणारे दोन भाऊ होते आणि त्यांची नावं आमच्या घरात कुणी लक्षात ठेवली नाहीत."

अध्यक्षांनी माइक काढून घेतला. "बघा, बघा! एवढा मोठा माणूस, पण किती हा विनय!" पुन्हा टाळ्या. माझं खोटं लोकांनी लगेच मानलं होतं. खरं मात्र कुणी घेतलं नाही.

एवढ्यावर भागलं नाही. अध्यक्षांना चेव आला. "आमच्याही रक्तात आहे!" म्हणत ते पॅन्ट दुमडून कनूकडे निघाले. मी म्हणालो, "मागे बसू नका." ते म्हणाले, "हबीबी, चालवणारा मागेच बसतो." बसले. पुढचं टोक वर गेलं, होडीने एक गोल गिरकी घेतली, त्यांनी बॅनरकडे बघून हात हलवला आणि उलटले. पाणी कमरेएवढं होतं. त्या कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते "वाचवा" ओरडत होते आणि दोनशे माणसं फोन वर धरून परंपरा शूट करत होती.

त्या दिवशी सातजणांनी मला शिकायची इच्छा सांगितली. "इन्शाल्ला, शनिवारी नक्की." शनिवारी एकही आला नाही. बायको मात्र आली, तीही थर्मास घेऊन नुसती बसायला. तासभर तिने मला बघितलं, मग ओढणी कमरेला खोचली, साडेसहा हजारांचं जॅकेट माझ्या अंगातून काढून स्वतः घातलं आणि म्हणाली, "सांगा काय करायचं. एकदाच सांगा."

मी सांगितलं. तिने गुडघे टेकले, अंगठा खाली वळवला, आणि गेली. पहिली वीसेक वल्ही वाकडी पडली, पुढे होडी रेघ मारल्यासारखी सरळ. वळणापलीकडे दिसेनाशी झाली. मी काठावर तिची पर्स धरून उभा. शेजारी साहेब वळणाकडे बघत होता.

"हिचे ग्रँडफादर?" त्याने विचारलं.

"टेलर," मी म्हणालो. "महाडला."

ती अर्ध्या तासाने परतली. मी विचारलं, एवढ्या लवकर कसं जमलं? तर म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तसं केलं. तुम्हाला कुणी सांगितलेलं ऐकायची सवय नाही, एवढाच फरक." मग चटई फार पातळ आहे अशी तक्रार केली आणि वल्हं तिच्या हनुवटीच्या मापाचं हवं म्हणून मलाच दुबईत अल क्वोजच्या एका सुतारवर्कशॉपमध्ये पाठवलं. आता शनिवारी लाल कनू तिची असते. साहेबाने स्वतःला नवी घेतलीय, मी त्याच्या जुन्या, जड कनूत असतो, आणि वारा समोरून आला की पुढच्या टोकात पाण्याचा कॅन ठेवायला मला तीच आठवण करून देते.