घोडबंदर रोडवरचं बारसं

घोडबंदर रोड मला आवडत नाही, हे मी डोंबिवलीत राहून वीस वर्षं सांगत आले आहे. (जाणं तीनदाच झालं. मत बनवायला तेवढं पुरतं.) तिकडे माणसं चोविसाव्या मजल्यावर राहतात, शेजाऱ्याचं नाव दारावरच्या पाटीवरून कळतं आणि तिथे पोचेपर्यंत आपला निम्मा जीव गेलेला असतो. माझ्या धाकट्या भावाने, सतीशने, नेमकं तिथेच घर घेतलं. वर त्याला मुलगाही झाला.

बारशाचा मुहूर्त बाराचा. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या मी एकटीच. म्हणून साडेआठलाच घर सोडलं. ठाण्याला बस मिळाली, थोडी चाललीही, आणि मग जी उभी राहिली ती राहिलीच. अकराला मेट्रोच्या ज्या खांबासमोर होतो, पावणेबारालाही त्याच खांबासमोर. शेजारच्या बाई शांतपणे मेथी निवडत होत्या. आपला थांबा येईपर्यंत दोन जुड्या होतात म्हणाल्या.

तेवढ्यात सतीशचा फोन आला. बाळ रडून लाल झालं होतं, पाहुणे ताटकळले होते, आणि आमची चुलत बहीण रेखा (समोरच्याच टॉवरमधली, चालत आलेली) पाळण्याला टेकून उभी होती.

"ताई, रेखा म्हणते ती करते कुर्रर्र. करू दे का?"

खोटं कशाला सांगू, मला रडूच आलं. बाईंनी मेथी पिशवीत कोंबली आणि काय झालं ते विचारलं. मी त्यांना सांगितलं, त्यांनी पुढच्या सीटला सांगितलं. दोन मिनिटांत अख्ख्या बसला कळलं की एका आत्याचा मान चालला आहे. मागच्या एका गृहस्थांनी तर बाळाचं वजनही विचारून घेतलं.

"फोन बाळाच्या कानाशी धरायला सांगा," बाई म्हणाल्या. "बाकीचं आम्ही बघतो."

आणि त्यांनी खरंच पाळणा म्हणायला घेतला! बायकांनी सूर धरला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. (तसंही ते कुठे नेत होतं?) मी फोनमध्ये कुर्रर्र करून "ईशान" म्हटलं. आमच्या सोसायटीत चार ईशान आहेत, असं ते वजनवाले गृहस्थ म्हणाले. त्यांना सगळ्यांनी गप्प बसवलं.

नाव सांगितलं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, हे मी गडबडीत विसरले होते. बस विसरली नव्हती. आधी मेथीवाल्या बाई, मग मागच्या दोघी, मग लॅपटॉपची बॅग सावरत एक मुलगी थेट शेवटच्या सीटवरून आली. दोन वाजता घरी पोचले तर तिथल्या बायका म्हणाल्या, बसमधले धपाटे धरायचे नाहीत. पहिला नंबर रेखाने लावला, आणि तिचा हात चांगलाच भारी आहे.

पाठ आठवडाभर दुखली, पण मत पार बदललं. घोडबंदर रोडला कुणी नावं ठेवली की मी भांडायला उठते. परवा ईशानला बघायला पुन्हा गेले. रस्ता मोकळा, बस पंचवीस मिनिटांत पोचली. शेजारची मुलगी कानात वायरी घालून बसलेली, कुठे उतरणार एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. घरी येऊन आडवी झाले आणि यजमानांना म्हटलं, "घोडबंदर रोड आता पूर्वीसारखा राहिला नाही हो."