मामाची बियांची चटणी

सोलापुराहून चिठ्ठी आली तेव्हा मी चुलीपाशी होते. ‘विठूमामा गेला. जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही.’ रडू आलंच... पण जन्मभर लोकांना जेवू घालणारा आमचा आचारी मामा निदान उपाशी तरी गेला नाही, असंही मनात येऊन गेलं.

लग्नाकार्यात तो कढईभर भोपळ्याची भाजी करी. भोपळे चिरले की बिया मात्र कुणाला टाकू देत नसे. धुऊन, वाळवून, सोलून पिशवीत भरायचा. त्याची थोरली बहीण म्हणजे माझी आई वैतागायची, “कचरा कशाला साठवतोस रं?” हा नुसता हसायचा.

माझं सासर वैरागचं, लग्न लागलं सोलापुरात. पहिली पंगत बसली आणि चटणीसाठी आणलेले शेंगदाणे खवट निघाले. वऱ्हाड पानावर, आणि सोलापूरच्या लग्नात चटणी नाही म्हणजे... आईचा चेहराच उतरला. मामानं पिशवी काढली. बिया तव्यावर तडतडल्या, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटल्या, आणि भात येईपर्यंत चटणी पानात पडली.

सासूबाईंनी ती दोनदा मागून घेतली. मग विचारलं, “ही शेंगाची न्हाय. कशाची हाय?”

आई मामाला खुणावत होती, गप्प बस म्हणून. तो म्हणाला, “भोपळ्याच्या बियांची.”

“आमी टाकून देतो त्या?”

आतल्या खोलीत मी डोळे गच्च मिटले.

“व्हय. खाणाऱ्याला काय खाल्लं ते कळाय पायजे. न्हाय आवडली तर पान बदलतो.”

सासूबाईंनी बोट चाटलं. “न्हाय आवडली कोण म्हनलं? इतकी वर्सं फेकत आले, त्याचं वाईट वाटतंय की!”

सगळी पंगत हसली. आई तर हसता हसता रडलीच. पुढं मामा वैरागला आला की लसूण किती घालायचा यावरून त्याचं आणि सासूबाईंचं दिवसभर भांडण चाले, आणि दोघंही त्यात खूश.

मामीला भेटायला गेले तेव्हा सासूबाईही आल्या. मामाच्या खोलीत खिडकीशी परातीत बिया वाळत होत्या, त्यानंच पसरलेल्या. मामीला त्या उचलवत नव्हत्या. सासूबाईंनी तिला विचारून चार बिया पदरात बांधल्या आणि घरी येऊन गोठ्यामागं लावल्या.

काल सकाळी त्यांची हाक आली, “पळत ये गं! तुजा मामा उगवलाय बघ.”