'माझं' सोडून विचार

अंबुजाक्का कुणाच्याही प्रश्नाचं उत्तर पहिल्या खेपेला देत नसत. माणूस घटस्फोटाचं विचारायला आलेला असो की बापाच्या घरातल्या वाट्याचं, आधी त्याला मनसोक्त बोलू देत. चष्म्याच्या वरून बघत राहत. मग म्हणत, "अस्की ऐकले. आता तेच परत विचार. 'माझं' मात्र म्हणू नको."

अस्की म्हणजे सगळं. अक्का तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून जुन्या वळणाचंच राहिलेलं, आणि वाक्याच्या शेवटी तमिळसारखं वर चढणारं. मी सांगली जिल्ह्यातली, सातवीत शाळा सोडलेली. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही बाई माझी चेष्टा करते आहे.

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत, तळमजल्यावर त्यांचं घर होतं. सगळा जन्म एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून गेला. रिटायर झाल्यावर संध्याकाळी पाच ते सात व्हरांड्यात बसायच्या आणि लोक येऊन विचारायचे. शेवटी त्या चिठ्ठीवर फुकट वकील कुठे मिळतो ते लिहून देत आणि बजावत, "मी वकील नोहे. टायपिस्ट मी. वाट दाखवली, चालायचे तू."

एकदा त्यांच्याच नात्यातला एक बँकेतला कारकून आला. "अक्का, बायको कमावते. तरी माझ्या पगारातून मुलाचा खर्च मीच का द्यायचा?"

"'माझं' सोडून विचार."

तो अडखळत म्हणाला, "मुलाचा खर्च कोणी द्यायचा?"

"मुलाला आई किती, बाप किती?"

"एकेक."

"मग दोघांनी. ज्याला जास्त मिळते त्याने जास्त. काफी पिऊन जा."

दुसरी एक बाई रडत आली. वडील मृत्युपत्र न करता गेलेले, आणि भाऊ म्हणतात लग्न झालेल्या मुलीला काही नाही. तिला अक्का म्हणाल्या, "लग्न झाले म्हणून लेंकीपण सरते की? जितका भावाचा, तितका तुझा. आणि ऐक, उद्या तू नवऱ्याला सोडलेस तरी तुझ्या लेंकराचा बाप सुटत नाही. बापाच्या घरात लेंकराचा वाटा राहतोच." ती बाई हसतच बाहेर पडली.

मला अक्कांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते त्यातूनच घडलं.

नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात नोकरीला म्हणून आम्ही चेन्नईला आलो. तीन वर्षांनी त्याने तिकडेच दुसरा संसार थाटला. मी आठ वर्षांच्या श्रावणीला घेऊन अक्कांच्या गल्लीत एक खोली घेतली आणि एका मेसमध्ये चपात्या लाटायला लागले. मग त्याची नोटीस आली. मुलीचा ताबा त्याला हवा होता. आई अशिक्षित आहे, तमिळ येत नाही, दिवसभर बाहेर असते, असं त्यात लिहिलं होतं. त्यातलं सगळं खरं होतं. कुणीतरी अक्कांचं घर दाखवलं.

"अक्का, माझी पोरगी माझ्याकडंच राहील न्हवं?"

"'माझी' सोडून विचार."

मला विचारताच येईना. 'माझी' काढली की त्या वाक्यात काही उरतच नव्हतं. अक्कांनी थांबून पाहिलं आणि स्वतःच म्हणाल्या, "सरि, असू दे. तू नंतर विचार. कोर्ट आईची इयत्ता पाहत नाही. पोर कोठे जेवते, कोठे झोपते, कोठे हसते, ते पाहते. शाळा सुटल्यावर तिला येथे पाठव. एकटी नको."

तेव्हापासून श्रावणी साडेतीनला त्यांच्याकडे जायची आणि मी सातला तिला न्यायला. या बाईने एक पैसा न घेता माझ्या मुलीला सांभाळलं. कागद टाईप करून दिले, वकील मिळवून दिला. माझ्यासारखीने त्यांचे पाय धुवायचे. पण मी काय पाहत होते? माझ्या हातची भाकरी ताटात तशीच टाकणारी पोर तिथे दहीभात बोटं चाटून खात होती. वेणी त्यांच्याकडून घालून घेत होती. दोघी तमिळमध्ये गुलूगुलू बोलत बसायच्या आणि मी फाटकाशी आले की गप्प व्हायच्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. घरी आल्यावर विचारलं, "काय बोलत होतीस गं?" तर म्हणायची, "काही नाही, अम्मा." पूर्वी ती मला आई म्हणायची.

एकदा तिला ताप चढला. मी कपाळावर ओली घडी ठेवत होते, आणि ती डोळे मिटून म्हणाली, "पाट्टी." आजी. नवऱ्याने दुसरी केली तेव्हा मी इतकी जळले नव्हते. त्या बाईचं तोंड मी पाहिलेलं नव्हतं, ही मात्र रोज समोर बसून माझ्या पोरीच्या वेणीत मोगरा माळत होती.

सुनावणीला पंधरा दिवस उरले तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की ही म्हातारी पोरीला पढवते आहे. स्वतःच्या पोटी मूल नाही. उद्या पोरगी न्यायाधीशांना सांगेल, मला पाट्टीकडे राहायचंय. मी दुसऱ्याच दिवशी श्रावणीचं दप्तर उचललं आणि म्हणाले, "उद्यापासून ती माझ्याबरोबर मेसमध्ये येईल."

मला वाटलं होतं, अक्का कारण विचारतील. त्या म्हणाल्या, "सरि. पोर तुझी."

ज्या 'माझं'ला त्यांनी व्हरांड्यात कधी थारा दिला नाही, ते त्यांनी 'तुझी' म्हणून माझ्या हातात दिलं आणि आत निघून गेल्या.

पंधरा दिवस श्रावणी मेसमध्ये पिठाच्या पोत्यांशेजारी बसून अभ्यास करत होती. फारसं बोलायची नाही. सुनावणीच्या दिवशी आम्ही कुटुंब न्यायालयाच्या बाकड्यावर बसलो होतो. समोर तिचा बाप. तो आला तशी पोरगी अर्धवट उठली आणि माझ्याकडे बघून खाली बसली. मी घाबरले. तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "आत मॅडमनी विचारलं तर सांग, बाबा मारतात."

त्याने तिला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

न्यायाधीश मॅडमनी तिला एकटीलाच आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. थोड्या वेळाने आमचे मराठी जाणणारे वकील माझ्याजवळ आले. "मुलगी सांगतेय, बाबा मारतात. कधी, कुठे, कशाने, विचारलं तर म्हणते, ते अम्माला विचारा. हे काय केलंत बाई? मॅडमना कळतं हे. पुढच्या आठवड्याची तारीख दिलीय. खोटं पढवणाऱ्या आईकडे मूल ठेवायचं की नाही, आता तिथून सुरुवात होणार."

बसमधून उतरले ती सरळ अक्कांच्या फाटकाशी. श्रावणी माझा हात सोडून आत पळाली आणि त्यांच्या मांडीत तोंड खुपसलं. ते पाहून तेव्हाही मी जळलेच. मी उंबऱ्याशी बसले आणि सगळं सांगितलं. बापाचं, कानात सांगितलेल्या खोट्याचं, आणि त्यांच्यावर घेतलेल्या संशयाचंही.

"अय्यो," अक्का म्हणाल्या. "मी पढवीन? चाळीस वर्षं पढवलेल्या पोरांचे जबाब टाईप केले मी. पढवलेले पोर पहिल्या ओळीत कळते." मग म्हणाल्या, "विचार आता."

मला माहीत होतं काय विचारायचं. शेवटी विचारलं. "श्रावणीला काय पाहिजे?"

अक्कांनी पोरीला काफीचे पेले घेऊन आत धाडलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "रोज एकच विचारायची. तमिळमध्ये, तुला कळू नये म्हणून. 'पाट्टी, मी अप्पाला भेटले तर अम्मा रडेल का?' मी म्हणे, अम्मालाच विचार. ती म्हणे, विचारले तरी रडेल."

एवढंच होतं ते गुलूगुलू.

पुढच्या तारखेला मी न्यायाधीश मॅडमसमोर उभी राहिले आणि वकिलांकरवी सांगितलं, तो मारत नाही, मीच पोरीला खोटं बोलायला लावलं. मॅडम मला खूप बोलल्या. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, आणि वकिलांनी उलगडून सांगायची गरजही पडली नाही. मग त्यांनी विचारलं, बापाने मुलीला भेटायला तुमची हरकत आहे का. मी म्हणाले, "नाही. तिला भेटायचंय." समुपदेशकाकडे फेऱ्या झाल्या, दोन तारखा अजून पडल्या आणि मग हुकूम निघाला. श्रावणी माझ्याकडे. खर्चाला बापाने हातभार लावायचा. महिन्यातले दोन रविवार ती बापाकडे.

मी कागद घेऊन अक्कांकडे गेले. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम चुकलाय म्हणाल्या, आणि कडक काफी केली.

त्यानंतर दोन वर्षं श्रावणी रोज त्यांच्याकडे जात राहिली. माझा हेवा गेला, असं मी म्हणणार नाही. तिने त्यांच्याकडून जुनं मराठी उचललं. माझ्या सांगलीकडचं नाही, त्यांचं. "अस्की संपवले, अम्मा," असं ताट दाखवून म्हणते, तेव्हा अजून टोचतं.

गेल्या मार्गळीत, थंडीच्या दिवसांत, अक्का चार दिवसांच्या आजारात गेल्या. व्हरांड्यात माणसं मावत नव्हती. बँकेतला कारकून होता, ती भावांशी भांडलेली बाईही होती. श्रावणी इतकी रडली, की मला वाटून गेलं, माझ्यासाठी ही एवढी रडेल का? लगेच जीभ चावली. मेलेल्या बाईचा हेवा, आणि तोही तिच्याच दारात, असं मनात आलं आणि मग मीही रडले.

परवाचा रविवार बापाचा होता. संध्याकाळी तो तिला एग्मोर स्टेशनच्या दाराशी सोडतो. मी अर्धा तास आधीच जाऊन उभी राहते. ती नवा फ्रॉक घालून पळत आली. कुणी घेतला, तिकडे जेवायला काय होतं, त्याची ती बाई कशी बोलली, असं सगळं ओठांवर आलं. मी गिळलं. पोरीने माझ्या डोळ्यांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, तमिळमध्ये नाही, अक्कांच्या मराठीत, "अम्मा, रडलीस की?"

खोटं बोलायचं नव्हतं. तिच्याशी तरी आता नाहीच.

"रडले," मी म्हणाले. "तरी तू जायचं."

तिने माझा हात धरला आणि आम्ही बसच्या दिशेने निघालो.